कारखान्याचा इतिहास कसा लिहावा : बंगळूरच्या विमान कारखान्याच्या आधाराने

एखाद्या कारखान्याचा इतिहास लिहायला घेतलेला माणूस बहुधा कंपनीच्या स्मरणिकेपासून सुरुवात करतो. स्थापनेचे साल, संस्थापकांचे नाव, उत्पादनांची क्रमवार यादी आणि मान्यवरांच्या भेटी एवढे जमले की काम झाले असे त्याला वाटते. ही माहिती खोटी नसते, पण सकाळचा भोंगा वाजल्यावर फाटकातून आत गेलेली हजारो माणसे दिवसभर नेमके काय करत होती, ते काम त्याच गावात का आले आणि एक काम संपल्यावर दुसरे कुठून मिळाले, या प्रश्नांची उत्तरे त्या यादीत सापडत नाहीत. कारखान्याचा इतिहास हा मुख्यतः तिथल्या कामाचा इतिहास आहे आणि त्याचा शोध दुरुस्तीच्या वर्षांपासून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन त्याच मताच्या आधारे केले आहे.

सर्व सूचना एकाच उदाहरणावर पडताळून दाखवता याव्यात म्हणून बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना, म्हणजेच आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स किंवा ‘एचएएल’चे मूळ आवार, मी निवडला आहे. तो म्हैसूर संस्थानाच्या भूमीवर उभा राहिला आणि त्याची खरी कहाणी कर्नाटकाचीच आहे. तरीही मराठी अभ्यासकाला त्याच्या दोन महत्त्वाच्या दारांपाशी सहज पोहोचता येते. कारखान्याची कल्पना घेऊन धडपडणारे उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचे होते आणि तिथे आकाराला आलेल्या पहिल्या यशस्वी भारतीय शिकाऊ विमानाचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर भागातले होते.

कंपनी वेगळी, कारखाना वेगळा

पहिले काम सीमा आखण्याचे आहे. आज एचएएलचे विभाग बंगळूरखेरीज नाशिकजवळ ओझर, ओडिशात कोरापुट, तसेच कानपूर, लखनौ, कोरवा आणि हैदराबाद येथे आहेत. या सर्वांचा इतिहास एकत्र लिहायला घेतला तर तो मंत्रालयाच्या निर्णयांचा इतिहास होतो आणि त्यातून कारखाना नाहीसा होतो. ओझरचेच उदाहरण घ्यावे. तिथला कारखाना मिग-२१ विमानांसाठी उभारला गेला. ती योजना राबवण्यासाठी १९६३ साली एरोनॉटिक्स इंडिया ही स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली होती आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती व जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट एकत्र करून आजची कंपनी तयार झाली. तेव्हा बंगळूरच्या इतिहासात ओझरला स्थान द्यायचे ते माणसे, यंत्रे किंवा सुटे भाग एका ठिकाणाहून दुसरीकडे गेल्याचा पुरावा मिळेल तेवढ्यापुरतेच.

मी असे सुचवेन की सीमा जमिनीवर आखावी. नकाशा घेऊन धावपट्टी, जुने हँगर, इंजिनांचा कारखाना, फाटके, कामगार वसाहत आणि विमानपुरा हा परिसर त्यावर दाखवावा आणि या रेषेच्या आत घडलेले तेवढेच आपल्या विषयाचे मानावे. शेवटही असाच एखाद्या स्पष्ट घटनेवर ठरवावा. १९६४ चे विलीनीकरण हा एक पर्याय आहे. मे २००८ मध्ये बंगळूरची नियमित प्रवासी विमाने एचएएलच्या धावपट्टीवरून देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, हा दुसरा. ‘आजपर्यंतचा इतिहास’ लिहिण्याचा मोह टाळलेला बरा, कारण संरक्षण कारखान्याच्या अलीकडच्या वर्षांची कागदपत्रे उघड नसतात आणि मग शेवटची प्रकरणे केवळ वृत्तपत्रांतील घोषणांवर बेतावी लागतात.

मालकीचा तक्ता आणि हुकमाचा तक्ता

यानंतर तारखांचा तक्ता करावा. आपल्या उदाहरणात तो असा होतो. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानात कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये आणि भरणा झालेले भांडवल ४० लाख रुपये होते. म्हैसूर सरकार सुरुवातीपासून भागीदार होते. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार एक तृतीयांश हिश्श्याचे भागीदार झाले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद गटाचा हिस्सा विकत घेऊन कारभार हाती घेतला. १९४३ मध्ये कारखाना चालवण्याचे काम अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे गेले आणि युद्ध संपल्यावर ते परत आले. जानेवारी १९५१ मध्ये कारखाना संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आला. १९६४ चे विलीनीकरण वर आलेच आहे.

हा तक्ता एका दुपारी तयार होतो आणि बहुतेक लेखक त्यावरच प्रकरणे पाडतात. त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखावा आणि त्यात त्या वर्षी शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या खात्यात, हुकूम कोणाचा चालत होता हे लिहावे. १९४३ च्या ओळीत मालकीच्या रकान्यात हिंदुस्थान सरकार आणि म्हैसूर सरकार येतील, तर हुकमाच्या रकान्यात अमेरिकी अधिकारी. हे दोन रकाने जिथे जुळत नाहीत तिथे कारखान्यात काहीतरी बदलत असते: मोजमापाची पद्धत, तपासणीचे नियम, पाळ्यांची वेळ, माणसे घेण्याची रीत. अशा ओळींवर खूण करून ठेवावी, कारण सर्वाधिक शोध तिथेच घ्यायचा आहे.

या तक्त्याचा आणखी एक उपयोग होतो. कारखान्याला दोन जन्मतारखा असल्याचे त्यातून दिसते, १९४० आणि १९६४. कोणत्या लेखात कोणती तारीख घेतली आहे, यावरून तो लेख कारखान्याबद्दल आहे की आजच्या कंपनीबद्दल, हे लगेच ओळखता येते.

ते गावच का?

दक्षिणेतील औद्योगिक शहरांबद्दल लिहिताना हा प्रश्न सर्वांत घाईने हातावेगळा केला जातो. ‘आल्हाददायक हवामान’ हे बंगळूरबाबतचे ठरलेले उत्तर आहे. हवामानाचा भाग खरा असला तरी केवळ हवा चांगली म्हणून कोणी विमानाचा कारखाना काढत नाही.

कारणे शोधण्याची माझी पद्धत अशी आहे. जे कारण निर्णयाच्या आधीच्या कागदात सापडते ते कारण मानावे आणि जे निर्णयानंतरच्या भाषणात प्रथम दिसते ते सजावट मानावे. शिवाय प्रत्येक कारण मोजता येते का, हे पाहावे. म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवसमुद्रम् येथे १९०२ साली जलविद्युत केंद्र सुरू केले होते. ती वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ पासून बंगळूर शहराला मिळू लागली. म्हणजे विमान कारखाना आला तेव्हा या शहराला विजेची तीन दशकांहून अधिक काळाची सवय होती. हे कारण मोजता येते, कारण संस्थानाचे वार्षिक प्रशासकीय अहवाल उपलब्ध आहेत आणि त्यांत वीजखात्याची माहिती असते. दुसरे कारण भारतीय विज्ञान संस्थेचे. १९११ पासून तिथे वर्ग सुरू होते आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथे विमानविद्येचा विभाग उघडला. विभाग कारखान्यानंतर आला हे ध्यानात ठेवावे. ‘विमानविद्येचा विभाग होता म्हणून कारखाना आला’ असे लिहिले तर क्रम उलटा होईल. कारखान्याची गरज आणि युद्धाची निकड यांमुळे विभाग निघाला, असे तारखा सांगतात.

तिसरे कारण राज्यकारभाराचे आहे आणि मला ते सर्वांत वजनदार वाटते. म्हैसूर दरबाराला उद्योगांत स्वतःचा पैसा घालण्याची सवय होती. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, चंदन तेल, साबण हे सगळे संस्थानाच्या भांडवलातून उभे राहिलेले होते. १९२६ पासून दिवाण असलेल्या सर मिर्झा इस्माईल यांनी वालचंदांना जमीन आणि भांडवल दिले ते या परंपरेतच. ब्रिटिश सरकार आधी या योजनेबाबत थंड होते. १९४० च्या मध्यास युरोपातील युद्ध बिघडले आणि इंग्लंडच्या कारखान्यांकडून पूर्वेकडे माल येण्याची आशा मावळली, तेव्हा त्याची भूमिका सैल झाली. समुद्रापासून दूर असणे हा त्या काळात फार मोठा गुण होता.

या प्रकरणात एक किस्सा हटकून येतो. १९३९ मध्ये पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानप्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते आणि त्या ओळखीतून बंगळूरची योजना निघाली. किस्सा मनोरम आहे आणि तो अवश्य सांगावा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. गाठ पडल्यानंतर पत्रे गेली, तारा गेल्या, अंदाजपत्रके झाली, नकार आले. वालचंदांची कागदपत्रे दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारातील ग्रंथालयात, म्हणजे पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात, जतन केलेली आहेत. किस्सा जिथे संपतो तिथून त्या कागदांचे वाचन सुरू करावे.

दुरुस्तीची वर्षे

आता मुख्य भाग. कारखान्याच्या अधिकृत इतिहासात १९४१ मधले हार्लो शिकाऊ विमान, १९४२ मधले कर्टिस हॉक लढाऊ विमान आणि त्यानंतर एकदम १९५१ मधले घाटगे यांचे एचटी-२ शिकाऊ विमान असा क्रम दिसतो. मधली नऊ वर्षे जवळजवळ रिकामी दिसतात. प्रत्यक्षात कारखाना घडला तो याच वर्षांत.

युद्धाने पूर्व आशियात वेग घेतला तसे नवी विमाने जोडण्यापेक्षा आघाडीवरून परत येणारी विमाने पुन्हा उडती करणे निकडीचे झाले. कारखान्यात कॅटालिना सागरी विमाने, डाकोटा मालवाहू विमाने, बॉम्बफेकी विमाने आणि असंख्य इंजिने येऊ लागली. अशा दुरुस्तीतून माणूस काय शिकतो याचा विचार इतिहासकाराने करायला हवा. नवे विमान जोडणारा फिटर एकाच नमुन्याचे भाग ठरलेल्या क्रमाने बसवतो. दुरुस्ती करणाऱ्याला निरनिराळ्या कंपन्यांची विमाने उघडावी लागतात, पत्रा कुठे थकला आहे हे ओळखावे लागते, हजारो रिव्हेट काढून पुन्हा मारावे लागतात आणि सुटा भाग बोटीने वेळेत येणार नसेल तर तो हत्यारखान्यात स्वतः बनवावा लागतो. मापकाने तपासणे, प्रत्येक कामावर सही घेणे आणि नाकारलेला भाग बाजूला ठेवणे ही शिस्तही याच कामातून अंगवळणी पडते. पुढे दहा वर्षांनी तिथे विमानाचा नवा आराखडा उतरवता आला, तो अशा हातांच्या जोरावर.

युद्ध संपताच हे काम आटले. या क्षणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण काम नाहीसे होते तेव्हाच कारखान्याचा खरा स्वभाव उघड होतो. बंगळूरच्या कारखान्याने युद्धातून उरलेली डाकोटा विमाने नागरी वापरासाठी बदलून दिली, बसगाड्यांचे सांगाडे बांधले आणि रेल्वेचे धातूचे डबे बनवायला घेतले. विमानाच्या पत्र्याचे काम येणारा माणूस डब्याच्या पत्र्याकडे वळला. हे तात्पुरते पोट भरणे होते असे समजून लेखक त्याला एखाद्या वाक्यात उरकतात, ते मला पटत नाही. डब्यांचे हे काम इतके टिकले की १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स, म्हणजे ‘बीईएमएल’, ही कंपनी निघाली तेव्हा रेल्वे डब्यांचा विभाग तिच्याकडे सोपवला गेला. म्हणजे एका मोठ्या सरकारी उद्योगाचे मूळ विमान कारखान्याच्या मंदीच्या काळात आहे. उत्पादनांच्या यादीतून हा धागा कधीच सापडला नसता.

याच काळातले लिबरेटर विमानांचे प्रकरण स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचे आहे. परत जाणाऱ्या परकीय सेनांनी आपली चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने कानपूरला टाकून दिली होती आणि ती कोणाच्या कामी येऊ नयेत अशी मोडतोडही केली होती. बंगळूरच्या कारागिरांनी त्या ढिगातून एकाचे भाग दुसऱ्याला लावून ती उडण्याजोगी केली, बंगळूरला आणली आणि पूर्ण नूतनीकरण करून हवाई दलाला दिली. अशी चाळीसच्या आसपास विमाने तयार झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले अवजड बॉम्बफेकी स्क्वाड्रन त्यांच्यावर उभे राहिले आणि पुढे पुण्यातही या विमानांचे स्क्वाड्रन होते. स्वतंत्र भारताला ही ताकद नव्या खरेदीतून मिळाली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे दुरुस्तीला इतिहासात किती जागा द्यावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही वर्षे भरून काढण्यासाठी एक व्यावहारिक युक्ती आहे. ‘किती विमाने बनली’ असा रकाना न आखता ‘कोणत्या खात्यात कशावर काम चालू होते’ असा रकाना आखावा आणि प्रत्येक वर्षासमोर मिळेल तो पुरावा लिहावा: रेल्वेची मागणी, संसदेतील उत्तर, वृत्तपत्रातील छायाचित्र, निवृत्त कामगाराची आठवण. ज्या वर्षासमोर काहीच नसेल ते रिकामे ठेवावे. रिकाम्या जागा दिसल्या की शोध कुठे घ्यायचा ते आपोआप ठरते.

आराखडा वाचताना

तांत्रिक भाग लिहिताना पहिल्या उड्डाणाच्या तारखेवर थांबू नये. एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. त्याआधी दहा वर्षे, १९४१ मध्ये, घाटगे यांनी इथेच जी-१ नावाचे एक ग्लायडर रचले होते आणि त्याचा एकच नमुना तयार झाला. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकलेला हा माणूस आधी एका ग्लायडरवर आणि मग विज्ञान संस्थेत काम करून पुन्हा विमानाकडे वळतो, हा क्रम एचटी-२ समजण्यासाठी आवश्यक आहे. या विमानाची दीडशेहून अधिक नगांची निर्मिती झाली, काही विमाने घानाच्या नव्या हवाई दलाला गेली आणि भारतीय वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

पुढचा प्रश्न असा विचारावा की कोणता भाग कुठून आला. एचटी-२ चा सांगाडा बंगळूरचा होता, पण इंजिन ब्रिटिश सिरस मेजर होते. हाच प्रश्न मारुत या जेट लढाऊ विमानाबाबत विचारला की सगळी कहाणी उलगडते. जर्मन रचनाकार कुर्ट टांक १९५६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले. त्यांनी आखलेले एचएफ-२४ मारुत १७ जून १९६१ रोजी उडाले आणि एकूण १४७ विमाने तयार झाली. विमानाची आखणी ऑर्फियस या ब्रिटिश जेट इंजिनाच्या अधिक शक्तिमान रूपासाठी केलेली होती. ब्रिटनमध्ये त्या रूपाचे काम सोडून दिले गेले आणि बंगळूरला परवान्याखाली बनणाऱ्या साध्या ऑर्फियसवर मारुतला भागवावे लागले. सांगाडा ज्या वेगासाठी घडवला होता तो वेग त्याला कधी मिळाला नाही. इथे दोष कोणाला द्यायचा हे ठरवण्याची घाई करू नये. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या इंजिन कारखान्याचा इतिहास आणि विमान कारखान्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावा. आराखडा आपला आणि इंजिन दुसऱ्याच्या मर्जीवर, ही अडचण त्या दोन रकान्यांत वर्षानुवर्षे दिसत राहते.

कागद कुठे मिळतील

संस्थानी काळासाठी कर्नाटक राज्य पुराभिलेखागार आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार ही दोन ठिकाणे प्रथम पाहावीत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते आणि अनेक फायली वाचताही येतात. शोध घेताना आजची नावे टाकून भागत नाही. ‘म्हैसूर’, ‘बेंगलोर’, ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’, ‘पुरवठा खाते’ अशा त्या काळच्या इंग्रजी नोंदींप्रमाणे शोधावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी संसदेतील प्रश्नोत्तरे हे अत्यंत मोलाचे आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. एखाद्या खासदाराने डब्यांची किंमत, कामगारांची संख्या किंवा विलंबाचे कारण विचारलेले असते आणि मंत्र्यांना सभागृहात आकड्यानिशी उत्तर द्यावे लागलेले असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल, कंपनीचे वार्षिक अहवाल आणि न्यायालयांचे निकाल यांचाही असाच उपयोग होतो. कामगारांच्या वादातील निकालात खात्याची रचना, पाळ्या आणि भत्ते यांचे वर्णन अनेकदा कोणत्याही स्मरणिकेपेक्षा नेमके असते. कन्नड वृत्तपत्रे वगळून हे काम करू नये. भाषा येत नसेल तर ती जाणणारा सहकारी सोबत घ्यावा आणि त्याचे नाव लेखात द्यावे.

माहितीच्या अधिकाराचा उपयोग करताना एक तरतूद माहीत असावी. अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून आधी घडलेल्या घटनांबाबत देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे वगळता माहिती नाकारण्याची बाकीची कारणे सरकारी कार्यालयाला सांगता येत नाहीत. म्हणून ‘कारखान्याची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज न करता ‘१९५५ ते १९६० या काळातील रेल्वे डबे विभागाच्या कामगारसंख्येचा वार्षिक तक्ता’ असा नेमका अर्ज करावा. त्याचबरोबर हा संरक्षण कारखाना आहे याचे भान सुटू देऊ नये. आवाराची छायाचित्रे परवानगीवाचून घेऊ नयेत, चालू कामाबद्दल कोणालाही विचारू नये आणि कोणी आपण होऊन सांगू लागले तरी ते नोंदवू नये. जुन्या यंत्रांच्या व विमानांच्या निरीक्षणासाठी कंपनीचे वारसा केंद्र व संग्रहालय २००१ पासून सर्वांना खुले आहे. तिथे विमानाभोवती फिरून रिव्हेटच्या ओळी, तपासणीच्या झडपा आणि पत्र्याचे सांधे पाहावेत. वाचलेले मग डोळ्यांसमोर उभे राहते.

माणसांशी बोलताना

निवृत्त कामगारांशी बोलणे हा या कामातील सर्वांत आनंदाचा भाग आहे आणि सर्वांत जबाबदारीचाही. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले की माणूस समारंभात बोलल्यासारखे बोलतो. त्यांना कामाबद्दल विचारावे. आपण कोणत्या शॉपमध्ये रुजू झालात, पहिल्या वर्षी हातात कोणते हत्यार दिले, उस्ताद कोण होते आणि ते कोणत्या भाषेत रागावत, तपासनीसाने भाग नाकारला की पुढे काय होई, रात्रपाळीचा भत्ता किती होता, कॅन्टीनमध्ये काय मिळे. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि इतरही भाषा बोलणारी माणसे एका बाकावर काम करत होती; हत्यारांना आणि चुकांना त्यांनी कोणती समाईक नावे दिली होती, हे विचारले की बोलणे खुलते. जुनी वेतनचिठ्ठी, अप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र, निरोप समारंभाचे छायाचित्र असे काही घरात असेल तर ते समोर ठेवून बोलावे. मूळ कागद मागून नेऊ नये, तिथेच छायाचित्र घ्यावे.

संपाबद्दल विचारताना दोन्ही बाजू ऐकाव्यात. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ या काळात बंगळूरच्या मोठ्या सरकारी कारखान्यांत वेतनाच्या प्रश्नावर ७७ दिवसांचा संप झाला, त्यात एचएएलचे कामगारही होते. हा प्रसंग स्मरणिकांत क्वचित येतो, पण कामगारांच्या घरांत काळ मोजण्याची ती खूण आहे. त्या अडीच महिन्यांत घर कसे चालले हे कामगारांच्या पत्नींना आणि मुलांना विचारावे. ती माहिती दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही. मुलाखतीपूर्वी उद्देश सांगून संमती घ्यावी, नाव छापायचे की नाही हे त्यांच्यावर सोडावे आणि आठवणीतील प्रत्येक तारीख कागदाशी ताडून पाहावी. तारीख चुकीची निघाली म्हणून आठवण टाकून देऊ नये. माणसाला वर्ष आठवत नसले तरी त्या दिवशी कोणत्या जिगवर, म्हणजे जोडणीच्या साच्यावर, कोणते विमान होते ते पक्के आठवत असते आणि वर्ष त्यावरून काढता येते.

‘पहिला’ हा शब्द

कारखान्यांच्या इतिहासात ‘आशियातील पहिला’ ही पदवी फार उदारपणे दिली जाते. असा दावा आढळला की लगेच जपानकडे पाहावे. बंगळूरला कारखाना निघाला त्याच्या कितीतरी आधीपासून जपानमध्ये विमाने बनत होती आणि वर सांगितल्याप्रमाणे खुद्द पॉलींचा कारखाना चीनमध्ये होता. मारुतला ‘आशियातील पहिले जेट लढाऊ विमान’ म्हणण्यापूर्वी जपानचे किक्का हे जेट विमान ऑगस्ट १९४५ मध्ये उडाले होते हे आठवावे. दावा खरा ठरवण्यासाठी त्याला इतक्या अटी जोडाव्या लागत असतील की वाक्य लांबलचक होईल, तर तो दावा सोडून देऊन प्रत्यक्ष काय केले तेवढे सांगावे. मोडक्या लिबरेटरपासून उडते विमान करणाऱ्या कारागिरांना अशा पदवीची गरज नाही.

मांडणी

लिहिताना काळाचा क्रम ठेवावा, पण प्रकरणांची लांबी पुराव्याप्रमाणे कमीजास्त होऊ द्यावी. या कारखान्यापुरते बोलायचे तर १९४२ ते १९५१ या नऊ वर्षांना मी निम्मी जागा देईन आणि समारंभ, भेटी व नामकरणे एका पानात आटोपेन. प्रत्येक प्रकरणात जागा, काम आणि माणूस या तिन्ही गोष्टी आल्या आहेत की नाहीत हे तपासावे. नुसती माणसे आली तर ते चरित्र होते, नुसते काम आले तर तांत्रिक अहवाल. आकडे देताना एकक आणि वर्ष सोबत द्यावे. १९४० चे ४० लाख रुपये आजच्या रकमेत बदलून सांगण्याच्या फंदात न पडता त्या काळी तेवढ्या भांडवलात काय उभे राहिले ते सांगितले तर वाचकाला अधिक समजते.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो निरनिराळ्या खात्यांतून निवृत्त झालेल्या निदान दोघांना वाचायला द्यावा, एक जोडणीच्या शॉपमधील आणि दुसरा इंजिन किंवा तपासणी विभागातील असेल तर उत्तम. त्यांचे आक्षेप समासात त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. त्यांतला जो आक्षेप कागदाशी जुळत नाही तोही पुसू नये; कागद काय म्हणतो आणि तिथे काम केलेला माणूस काय म्हणतो, हे दोन्ही मजकुरात शेजारी छापावे आणि ध्वनिमुद्रणांची एक प्रत शहरातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था करावी.